‘ड्राय’ म्हणजे तुरट नव्हे : वाइनच्या शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न

वाइनविषयी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न शब्दांचे आहेत. लेबलावर एक शब्द, दुकानदाराच्या तोंडी दुसरा, वाइनरी दाखवणाऱ्या मुलाकडून ऐकलेला तिसरा, आणि अर्थ विचारायला संकोच. खरं तर यातल्या बऱ्याच गोष्टींना मराठीत रोजच्या वापरातले शब्द आहेत. तुरट, साका, फसफसणं, मण्यात पाणी उतरणं हे ज्याला कळतं, त्याला टॅनिन, लीज, फर्मेंटेशन आणि व्हेरेझाँ कळायला काहीच अडचण नाही. उत्तरं देताना शक्य तिथे तीच वाट धरली आहे.

प्रश्न : दुकानात ‘ड्राय रेड’ मागून घेतली. पहिल्याच घोटाला जीभ आणि हिरड्या कोरड्या पडल्या. ‘ड्राय’चा अर्थ हाच ना? (पुणे)

उत्तर : नाही. तुमच्या बाटलीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि वाइनच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

‘ड्राय’ म्हणजे साखर उरलेली नाही, एवढंच. वाइनसाठी तोडलेल्या द्राक्षांच्या एक लिटर रसात साधारण २२० ग्रॅम साखर असते. यीस्ट ती खातं आणि तिचं अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करतं. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं, म्हणून २२० ग्रॅममधून १३ टक्क्यांच्या आसपास. न खाल्लेली जी साखर मागे राहते तिला रेसिड्युअल शुगर म्हणतात. युरोपातल्या नियमानुसार ती लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत असेल तर वाइन ड्राय; आम्ल भरपूर असेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते, कारण आंबटपणा गोडी झाकतो.

तोंड कोरडं पडलं ते टॅनिनमुळे. टॅनिन द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असतं, थोडं ओकच्या पिंपातूनही येतं. ते लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासते. आपल्या षड्रसांत यासाठी स्वतंत्र शब्द आहे : तुरट. सुपारी, कच्चं केळं, आवळा, न पिकलेलं जांभूळ, डाळिंबाची साल यांत जे लागतं तेच हे.

दोन्ही वेगळे आहेत हे घरी पाच मिनिटांत कळतं. अर्धा कप पाण्यात दोन चमचे चहा पावडर पाच-सहा मिनिटं उकळा, गाळा, कोमट होऊ द्या. एक घोट तोंडात फिरवा : नुसता तुरटपणा. आता त्यात दोन चमचे साखर घाला. चहा गोड होईल, पण तुरटपणा जागेवरच असेल. म्हणजे गोड वाइनही तुरट असू शकते आणि ड्राय वाइन अजिबात तुरट नसेल, असंही होतं. शेवटी त्याच कपात दोन-तीन चमचे दूध घाला. तुरटपणा एकदम उतरतो, कारण दुधातलं केसीन हे प्रथिन टॅनिनला लाळेच्या आधीच धरून ठेवतं. रेड वाइनबरोबर चीज खाण्यामागचं कारणही तेच.

तेव्हा पुढच्या वेळी ‘ड्राय, पण टॅनिन कमी’ असं मागा. कॅबर्ने सोव्हिन्यों तुरट असते. पिनो नुआर बरीच सौम्य. सोव्हिन्यों ब्लां ही व्हाइट तर ड्राय असूनही तुरट नसते, कारण ती सालींसोबत आंबवलेलीच नसते.

आणखी एक. ‘फ्रूटी’ म्हणजे गोड नव्हे. पेरू, लिची, पिकलेला आंबा असे वास आले की मेंदू गोडी गृहीत धरतो. शंका आली तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. वास बंद झाल्यावर जी गोडी उरते ती खरी.

प्रश्न : स्पार्कलिंग वाइनमध्ये ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा गोड कशी? (ठाणे)

उत्तर : शब्द जुन्या काळातले आहेत म्हणून. १९व्या शतकात शँपेन आजच्या मानाने फार गोड असे. तिच्या तुलनेत जी कमी गोड, ती ‘एक्स्ट्रा ड्राय’. पुढे लोकांची आवड आणखी बदलली आणि तिच्या खाली ‘ब्रूट’ आली. आज लिटरमागे साखरेचं माप असं : ब्रूट नेचर ३ ग्रॅमपेक्षा कमी, एक्स्ट्रा ब्रूट ६ पर्यंत, ब्रूट १२ पर्यंत, एक्स्ट्रा ड्राय १२ ते १७, सेक १७ ते ३२, डेमी-सेक ३२ ते ५०. काठावरची ब्रूट घेतली तर ७५० मिलीच्या पूर्ण बाटलीत ९ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण दोन चमचे. गॅस आणि आम्ल यांच्यापुढे ती फारशी जाणवत नाही.

ही साखर शेवटी घातलेली असते, तिला ‘दोसाज’ म्हणतात. पारंपरिक पद्धतीत तयार वाइनमध्ये लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आतल्या आत पुन्हा फसफसतं आणि दाब ६ अॅटमॉस्फिअरपर्यंत चढतो. मेलेल्या यीस्टचा साका बाटली हळूहळू उलटी करत मानेत आणतात, मान गोठवून तो बर्फाच्या बुचासारखा उडवतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दोसाज भरतात. दाब एवढा असल्यामुळेच ती बाटली उघडताना बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, बूच नव्हे; आणि तोंड माणसाकडे नको.

प्रश्न : आमची टेबल द्राक्षांची बाग आहे. त्याच द्राक्षांची वाइन का करत नाहीत? वाइनरीची माणसं व्हेरेझाँ, ब्रिक्स, टीए असं बोलतात, तेही समजावून सांगावं. (दिंडोरी)

उत्तर : व्हेरेझाँ तुम्हाला आधीच माहीत आहे. मण्यात पाणी उतरतं ती अवस्था म्हणजे व्हेरेझाँ. कडक हिरवा मणी मऊ पडतो, काळ्या जातीत रंग धरू लागतो, साखर चढायला लागते आणि आम्ल उतरायला.

ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर (काटेकोरपणे म्हटलं तर विरघळलेले सगळे पदार्थ, पण त्यात बहुतांश साखरच). ब्रिक्सला ०.५५ ते ०.६ ने गुणलं की होणाऱ्या अल्कोहोलचा अंदाज येतो : २४ ब्रिक्स असेल तर १३ ते १४ टक्के. टीए म्हणजे एकूण आम्ल, लिटरमागे ग्रॅममध्ये. वाइनसाठी ६ ते ८ ग्रॅम टीए आणि ३.३ ते ३.६ पीएच असा माल हवासा असतो.

आता टेबल द्राक्षं. वाइन होऊ शकते, चांगली होणं अवघड. खायच्या द्राक्षाचा मणी मोठा, साल पातळ, बी नाही, आम्ल कमी. विक्रीसाठी ते १६ ते १८ ब्रिक्सलाच उतरवतात. ग्राहकाला तेच हवं असतं, पण वाइनचा रंग, वास आणि तुरटपणा येतो सालीतून व बीतून. वाइनच्या जातीचा मणी लहान असतो, त्यामुळे तेवढ्याच रसाला साल कितीतरी जास्त मिळते. जीए (जिबरेलिक अॅसिड हे संजीवक) मारून फुगवलेल्या मण्यात गणित नेमकं उलटं होतं. वाइनच्या बागेत म्हणूनच मुद्दाम कमी माल धरतात.

आपल्याकडची खरी अडचण साखरेची नसते, आम्लाची असते. द्राक्षात मुख्य आम्लं दोन : टार्टरिक आणि मॅलिक. मॅलिक आम्ल मणी स्वतःच श्वसनात जाळतो, आणि उष्णता वाढली की जास्त जाळतो. डिसेंबर-जानेवारीतल्या नाशिकच्या थंड रात्री आम्ल टिकवून धरतात. तेच दोन ब्रिक्स वाढावेत म्हणून मार्चपर्यंत थांबलं तर साखर चढते, पण टीए घसरतो आणि पीएच ३.८ च्या वर जातो. तशी वाइन चवीला बोदी लागते, रंग लवकर सोडते आणि जंतूंना सोपी पडते. त्यामुळे नुसतं ब्रिक्स बघून तोडणी ठरवणं चूक आहे. तिन्ही आकडे एकत्र बघायला हवेत.

नमुना घेताना होणारी चूकही सांगून ठेवतो. हाताला लागेल तो पिकलेला मणी घेतला की ब्रिक्स एक-दोनने जास्त दाखवतं. किमान १०० मणी घ्या : ओळीच्या दोन्ही बाजूंचे, उन्हातले आणि सावलीतले, घडाच्या खांद्याचे आणि शेंड्याचे. सगळे एकत्र चिरडा, रस ढवळून मगच रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे थेंबावरून ब्रिक्स दाखवणाऱ्या उपकरणावर, थेंब टाका. रस एकदा आंबायला लागला की रिफ्रॅक्टोमीटर विसरा. अल्कोहोल त्याला फसवतं. तिथून पुढे हायड्रोमीटरच, म्हणजे रसात तरंगून त्याची घनता दाखवणारी काचेची नळी.

‘व्हिंटेज’ म्हणजे तोडणीचं वर्ष, तेही इथेच आलं. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वर्षातून एक छाटणी होते आणि तोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. आपला वेल तसा झोपत नाही, आणि पावसाळ्यात माल धरला तर डाऊनी हा बुरशीचा रोग आणि कूज त्याचा फडशा पाडतात. म्हणून एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. तोडणी जानेवारी ते मार्च. लेबलावर २०२४ असेल तर त्या मालाची फळछाटणी २०२३ मध्ये झालेली असते.

प्रश्न : वाइनरीत टाकीवर सालींचा जाड थर तरंगताना पाहिला. एक जण तो दांड्याने खाली दाबत होता. हे कशासाठी? रेड आणि व्हाइटमध्ये फरक फक्त द्राक्षाच्या रंगाचा का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : काळं द्राक्ष पिळून बघा, रस पांढरटच निघेल. एखाद-दुसरी जात सोडली, जसं अलिकांते बुशे, तर रंग फक्त सालीत असतो. व्हाइट वाइनसाठी आधी पिळून साली वेगळ्या करतात आणि फक्त रस १२ ते १८ अंश सेल्सिअसला आंबवतात. रेडसाठी साली-बियांसकट २५ ते ३० अंशांना आंबवतात आणि नंतर पिळतात. सालीत मुरवण्याच्या या काळाला मॅसरेशन म्हणतात. रोझेमध्ये काळी द्राक्षं काही तासच सालीत ठेवून रस काढून घेतात, म्हणून तो गुलाबी.

रस आंबू लागला की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे साली वर ढकलतात आणि टोपीसारखा थर जमतो. त्याला ‘कॅप’च म्हणतात. हा थर तसाच राहू दिला तर तीन गोष्टी बिघडतात. साली रसाला लागत नाहीत म्हणून रंग उतरत नाही. वरचा भाग हवेत सुकतो आणि त्यावर व्हिनेगरचे जंतू बसतात. आणि थरात उष्णता कोंडते. खालचा रस २६ अंशांवर असताना टोपी त्याहून कितीतरी गरम असू शकते. यीस्टला ३५ अंशांच्या वर तग धरणं कठीण जातं. ते थांबलं की साखर अर्धवट राहते, त्याला ‘स्टक फर्मेंटेशन’ म्हणतात, आणि ते पुन्हा सुरू करणं हे वाइनरीतल्या सर्वांत कटकटीच्या कामांपैकी एक आहे. म्हणून दिवसातून दोन ते चार वेळा टोपी दांड्याने दाबतात, म्हणजे पंच डाउन. किंवा खालचा रस पंपाने उचलून वर शिंपडतात, म्हणजे पंप ओव्हर.

मुरवायचं किती दिवस, ही खरी कसोटी. रंग पाण्यात विरघळतो, तो पहिल्या चार-सहा दिवसांतच बहुतेक येऊन जातो. बियांमधलं टॅनिन मात्र अल्कोहोल वाढल्यावर सुटतं. म्हणून लवकर प्यायची, फळाच्या वासाची रेड पाच-सात दिवसांत पिळतात, आणि टिकाऊ, तुरट हवी असेल तर दोन-तीन आठवडे ठेवतात. रंग गडद यावा म्हणून नुसते दिवस वाढवले तर रंग वाढत नाही, कडवटपणा तेवढा वाढतो.

आंबणं संपलं हे हायड्रोमीटर शून्याच्या थोडं खाली गेल्यावर कळतं, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. मग तळाशी बसतो तो साका, म्हणजे लीज. जाड साका लवकर वेगळा करावा लागतो, नाहीतर त्यात यीस्ट कुजून सडक्या अंड्याचा वास धरतो. बारीक साका मात्र काही वाइनमध्ये मुद्दाम महिनोन्महिने ठेवून अधूनमधून ढवळतात. त्याने वाइनला साईसारखा भरीवपणा येतो. लेबलावर ‘सुर ली’ दिसलं तर अर्थ हाच : साक्यावर मुरवलेली.

वाइनरी बघायला जाणाऱ्या प्रत्येकासाठी एक सूचना, आणि ती मनापासून आहे. एक लिटर रस आंबताना जवळपास ५० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही, खोलगट जागी आणि रिकाम्या टाकीत साचतो. जुन्या विहिरीत उतरल्यावर माणूस का कोसळतो हे आपल्याकडे ठाऊक आहे, टाकीचंही तसंच. टाकीत वाकून वास घेऊ नका, आणि आत कुणी पडलेला दिसला तर मागोमाग उतरू नका. आधी माणसं बोलवा, हवा खेळती करा.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. वाइनमध्ये अंडं किंवा मासा वापरतात हे खरं का? (सांगली)

उत्तर : काही वाइनमध्ये, होय. नवी वाइन गढूळ आणि कधी जास्त तुरट असते. ती निवळण्याला फायनिंग म्हणतात. प्रथिन टॅनिनला चिकटतं, दोघांची गुठळी होते आणि जड होऊन तळाशी बसते. मघाच्या चहात दुधाने केलं तेच. रेडसाठी जुना उपाय अंड्याच्या पांढऱ्याचा : २२५ लिटरच्या पिंपाला साधारण तीन ते सहा अंडी. त्याखेरीज केसीन, प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन, आणि आयझिंग्लास म्हणजे माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ. गुठळ्या गाळून काढतात, तरी तत्त्वाचा प्रश्न उरतो.

व्हाइट वाइन निवळायला मुख्यतः बेंटोनाइट ही माती वापरतात; द्राक्षातलीच प्रथिनं उष्णतेने गोठून बाटली धुरकट होऊ नये यासाठी. ती शाकाहाऱ्यांना चालेल. वाटाण्याचं प्रथिनही आता वापरात आहे. खात्रीचा मार्ग म्हणजे लेबलावर ‘व्हेगन’ लिहिलंय का पाहणं, नाहीतर उत्पादकाला थेट विचारणं. ‘अनफाइंड’ लिहिलेल्या बाटलीत फायनिंग केलेलंच नसतं. ती थोडी गढूळ दिसली तरी वाईट नव्हे.

प्रश्न : फ्रिजमधल्या व्हाइट वाइनच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे सापडले. बाटली टाकून दिली. बरोबर केलं का? (मुंबई)

उत्तर : टाकायला नको होती. ते टार्टरिक आम्लाचे क्षार आहेत, पोटॅशियम बायटार्टरेट. बेकिंगमध्ये ‘क्रीम ऑफ टार्टर’ म्हणून डबीत मिळतं तेच. चिंचेचा मुख्य आंबटपणाही टार्टरिक आम्लाचाच. थंडीत हा क्षार वाइनमध्ये विरघळलेला राहू शकत नाही, तो खड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. वाइनरीत ते आधीच काढून टाकायला वाइन उणे ४ अंशांच्या आसपास एक-दोन आठवडे ठेवतात. ते केलं नसेल किंवा अर्धवट झालं असेल तर हे काम तुमचा फ्रिज करतो.

काच की क्षार, हे ओळखायचं असेल तर एक खडा बशीत काढून चमच्याच्या पाठीने दाबा. क्षार भुगा होतो. त्यावर कडकडीत पाणी ओता, विरघळून जातो. काच यातलं काहीच करत नाही. क्षार निघाला तर बाटली तासभर उभी ठेवा, वरची वाइन हलक्या हाताने ओता आणि शेवटचा घोट सोडून द्या.

प्रश्न : ‘सल्फाइट आहे’ असं लेबलावर असतं. डोकं दुखतं ते त्यामुळेच का? (कोल्हापूर)

उत्तर : बहुधा नाही. रेड वाइनने डोकं दुखतं अशी तक्रार जास्त येते, पण सल्फाइटची परवानगी रेडला कमी असते. युरोपात ड्राय रेडला लिटरमागे १५० मिलिग्रॅम, ड्राय व्हाइटला २००. सुक्या जर्दाळूत याच्या कैकपट जास्त असू शकतं, आणि पिवळा बेदाणा करताना दिली जाणारी गंधकाची धुरी म्हणजे हेच सल्फर डायऑक्साइड. बेदाणे खाऊन डोकं दुखत नसेल तर सल्फाइटवर आळ घेण्यात अर्थ नाही. रिकाम्या पोटी प्यायलेलं अल्कोहोल आणि कमी प्यायलेलं पाणी हे जवळचे संशयित. दम्याच्या काही रुग्णांना मात्र सल्फाइटचा खरोखर त्रास होतो. लेबलावरची सूचना त्यांनी गंभीरपणे घ्यावी.

ते घालतात कशाला? सरबतं टिकवायला घरोघरी केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) वापरतात, त्याच कारणाने. जंतू रोखणं आणि हवेने काळं पडू न देणं. इथे पुन्हा पीएच येतो. सल्फाइटचा जो अंश जंतूंवर खरं काम करतो, तो पीएच वाढला की झपाट्याने घटतो. तेवढ्याच संरक्षणासाठी ३.२ पीएचला लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम मुक्त (कशाला न चिकटलेलं) सल्फाइट पुरतं, ३.६ ला ५० लागतं आणि ३.८ ला जवळपास ८०. दिंडोरीच्या वाचकाला पीएच बघायला सांगितलं ते यासाठीच. तोडणी वेळेवर झाली की सल्फाइट कमी लागतं.

प्रश्न : बाटली ‘कॉर्क्ड’ आहे म्हणून हॉटेलात परत केली तर वेटर म्हणाला, बुचाचे तुकडे गाळून देतो. (पणजी)

उत्तर : बुचाचे तुकडे पडणं म्हणजे कॉर्क्ड नव्हे, ते गाळून भागतं. कॉर्क्ड वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा वास येतो. टीसीए नावाच्या संयुगाचा तो वास, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅमही नाकाला पुरतात. आरोग्याला धोका नाही, पण फळाचा सगळा वास मारला जातो. ग्लास हलवत ठेवला तरी तो जात नाही, उलट वाढतो. अशी बाटली परत करणं रास्तच.

इतर वासही ओळखून ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगरचा असेल तर अॅसेटिक जंतूंनी घर केलंय. वाइनच्या भाषेत व्होलाटाइल अॅसिडिटी. डाग पडलेल्या सफरचंदाचा वास आणि तपकिरी झाक असेल तर हवा लागलीय. मुरांब्यासारखा शिजका वास आणि वर सरकलेलं बूच असेल तर बाटली मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा तापलेल्या गोदामात राहिलीय. यातलं काहीही घरी दुरुस्त होत नाही.

दुरुस्त होतो तो सडक्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास, ‘रिडक्टिव्ह’ म्हणतात तो. यीस्टला नायट्रोजन कमी पडला की ते हायड्रोजन सल्फाइड सोडतं. वाइन मोठ्या भांड्यात उंचावरून ओता आणि वीस मिनिटं थांबा. तरीही गेला नाही तर चिंच-मिठाने घासून, धुऊन घेतलेला तांब्याचा चमचा ग्लासात अर्धा मिनिट फिरवा. तांबं गंधकाला धरून ठेवतं आणि वास उतरतो. मात्र वाइन तांब्याच्या भांड्यात ठेवू नका. ताक तांब्यात का ठेवत नाहीत ते आठवा. वाइन तितकीच आंबट असते.

प्रश्न : ‘मॅलोलॅक्टिक’ म्हणजे काय, आणि शार्डनेला लोण्याचा वास कसा येतो? (नागपूर)

उत्तर : यीस्टचं काम झाल्यावर जंतूंचं दुसरं काम असतं. ते मॅलिक आम्लाचं, म्हणजे सफरचंद आणि कैरीतल्या करकरीत आम्लाचं, लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्यातलं. आंबटपणा मवाळ होतो. याच वेळी डायअॅसेटिल तयार होतं. लोण्याला लोण्याचा वास त्यानेच येतो, म्हणून शार्डनेला तो. बहुतेक सगळ्या रेड वाइनमध्ये हे करतात. सोव्हिन्यों ब्लांमध्ये टाळतात, तिथे करकरीतपणाच हवा असतो. टाळायचं तर पक्कं टाळावं लागतं : हे काम बाटलीत सुरू झालं तर वाइन धुरकट होते आणि नको तिथे बुडबुडे येतात.

प्रश्न : ‘रिझर्व्ह’ लिहिलेली वाइन जास्त चांगली का? ग्लासाच्या कडेला ओघळणारे ‘लेग्स’ दाट असले तर? (नाशिक)

उत्तर : दोन्हीचं उत्तर नाही. ‘रिझर्व्हा’ला स्पेनमध्ये कायद्याने अर्थ आहे : रियोहाची रेड रिझर्व्हा किमान ३ वर्षं मुरवलेली, त्यातलं किमान १ वर्ष ओकच्या पिंपात. अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी नुसत्या ‘रिझर्व्ह’ला तसं बंधन नाही. पिंप कोणतं, हे विचारा. २२५ लिटरच्या नव्या ओक पिंपातून व्हॅनिला, भाजल्याचा, अमेरिकन ओक असेल तर नारळाचाही वास येतो. तीन-चार वेळा वापरलं की पिंप वास देईनासं होतं आणि फक्त मुरवण्यापुरतं उरतं. अशा एका पिंपात ३०० बाटल्या मावतात, म्हणून नवं ओक किमतीत दिसतं.

लेग्स अल्कोहोल उडण्यामुळे दिसतात. कडेच्या पातळ थरातून ते आधी उडतं, तिथला पृष्ठताण वाढतो, वाइन वर ओढली जाते आणि जड होऊन ओघळते. ग्लासावर बशी झाका, ओघळ थांबतील. दाट ओघळ म्हणजे बहुधा जास्त अल्कोहोल, बाकी काही नाही.

प्रश्न : रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी म्हणतात. विदर्भात मे महिन्यात काय करायचं? आणि उरलेली बाटली किती दिवस टिकते? (अमरावती)

उत्तर : ती ‘रूम’ युरोपातली, जुन्या दगडी घरातली : १६ ते १८ अंश. ३५ अंशांची रेड नुसती अल्कोहोलचा भपका मारते. फ्रिजमध्ये दीड तास ठेवून काढा. घाई असेल तर बादलीत निम्मं बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ. रेड दहा मिनिटांत, व्हाइट पंचवीस ते तीस मिनिटांत तयार. नुसत्या बर्फाने वेळ लागतो, कारण खड्यांमधली हवा थंडावा पोचू देत नाही. व्हाइट ८ ते १० अंशांना, स्पार्कलिंग ६ ते ८ ला.

उघडल्यावर रेडसुद्धा फ्रिजमध्येच, बूच लावून आणि उभी. आडवी ठेवली तर वाइनचा हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो. तीन ते पाच दिवस ठीक राहते. अर्धी उरणार हे आधीच माहीत असेल तर बाटली उघडल्याबरोबर ३७५ मिलीची स्वच्छ छोटी बाटली गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद करा. हवेला जागाच न राहिल्याने ती आठवडाभर सहज टिकते. आंबूस झालीच तर मटणाच्या किंवा मशरूमच्या रश्शात घालून उकळू द्या. कॉर्क्ड झालेली मात्र तिथेही घालू नका, तो पुठ्ठ्याचा वास शिजवून जाईलच असं नाही.